गॅलरीतली थंडी

माझ्या खोकल्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गॅलरी. महिन्याचे ते चार दिवस मी गॅलरीत झोपायचे. खालून फरशीचा गारवा, समोरून खाडीकडचा वारा, मग छातीत थंडी भरणार नाही तर काय होणार, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं होतं. ते कुणी खोडून काढलं नाही. मीही नाही.

आम्ही वसई पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, वन रूम किचन. माझे यजमान सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. घर मूळचं चिपळूणकडचं, त्यामुळे पाळीच्या दिवसांत बाजूला बसणं आलंच. गावाकडे त्यासाठी मागची पडवी होती. फ्लॅटमध्ये पडवी कुठून आणणार? मग गॅलरी. तिथे एक चटई, एक पांघरूण, माझं वेगळं ताट आणि तांब्या. मी दिवसभर गॅलरीत बसलेली दिसले की समोरच्या इमारतीतल्या बायकांना कॅलेंडर बघायची गरज पडत नसे. मला याचा राग यायचा, पण तो मी पोळ्या लाटून काढायचे, आणि त्या चार दिवसांत तर पोळ्याही लाटायला मिळत नसत.

मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा रक्त पडलं. सकाळची वेळ, गॅलरीतच होते. खोकल्याची उबळ आली, तोंडाशी पदर धरला आणि पदरावर लाल डाग. दात घासताना हिरडीला लागलं असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, आणि यावेळी हिरडीवर ढकलता येण्याइतकं थोडं नव्हतं. उजवीकडे बरगडीखाली दुखायचंही. यजमानांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. उजवीकडे खालच्या बाजूला डाग. थुंकी तपासली, तिच्यात काही सापडलं नाही. पण डाग आहे, रक्त पडतंय, वजनही फार नाही, म्हणजे औषध सुरू करायला हवं, असं ते म्हणाले. त्या काळी आमच्याकडे खोकल्यातून रक्त म्हणजे टीबी. दुसरा विचार कुणाच्या डोक्यात येत नसे. मी डॉक्टरांना दोष देत नाही. म्हणजे देते, पण थोडाच.

कारण त्यांनी एक प्रश्न विचारला होता. "रक्त केव्हा केव्हा पडतं?"

मी उत्तर द्यायच्या आत यजमान म्हणाले, "मधून मधून."

आमच्याकडे बाईला डॉक्टरकडे न्यायचं ते पुरुषानं, आणि बोलायचंही त्यानंच. बाईनं जीभ दाखवायची, श्वास ओढायचा, सोडायचा. पाळीचा शब्द मी त्या खोलीत, नवऱ्यासमोर, एका परक्या पुरुषाजवळ काढला असता तर आम्ही तिघंही लाजेनं चूर झालो असतो. म्हणून 'मधून मधून' हे दोन शब्द माझ्या आजाराची हकिगत म्हणून कागदावर गेले.

सासूबाईंचा सख्खा भाऊ क्षयानं गेला होता, ऐन तारुण्यात. त्यांनी त्याचं सगळं केलं होतं, त्यामुळे त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. जेवणं झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "पोरीला चिपळुणास पाठवू. तिच्या आत्याकडे. तू बरी होईस्तोवर."

माझ्या नणंदेला मूलबाळ नव्हतं. वन्सं स्वतः न्यायला आल्या. मुलगी एसटीत बसायला मिळणार म्हणून इतकी हरखली होती, की निघताना माझ्याकडे हात हलवायचंच विसरली. रडेल, हट्ट करेल, पदर सोडणार नाही, असं मी धरून चालले होते आणि त्यासाठी मन घट्ट केलं होतं. ती हसत जिना उतरून गेली. घट्ट केलेल्या मनाचं काय करायचं ते मला कळेना.

ती गेल्यावर माझं चार दिवसांचं ताट महिनाभराचं झालं. तेच ताट, तोच तांब्या, फक्त आता ते गॅलरीतून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आले. औषधानं लघवी नारिंगी व्हायची, तोंडाची चव गेली होती. माझ्याकडे येऊन माझ्या हातचा चहा पिणारी एकच बाई होती, तळमजल्यावरच्या टीचर. त्या मूळच्या इथल्याच, ख्रिस्ती, शाळेत शिकवायच्या. घरात त्यांच्या बोलीत बोलायच्या, ती मला अर्धी कळायची नाही. माझ्याशी मात्र पुस्तकातलं मराठी. आल्या की म्हणायच्या, "चहा टाका, आणि जरा कडक."

रविवारी सकाळी आम्ही एसटीडी बूथवर जायचो. वन्संच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. त्या मुलीला घेऊन तिथे बसलेल्या असायच्या. दोन वर्षांच्या मुलीशी फोनवर काय बोलणार? जेवलीस का, झोपलीस का, संपलं. मग मी गाणं म्हणायचे. आमच्या दोघींचंच गाणं होतं ते. रोज सकाळी वटारहून एक केळीवाली आमच्या इमारतीखाली यायची, आणि मुलगी गॅलरीच्या गजांना लटकून तिला हाका मारायची. त्यावरून मी काहीतरी जुळवलं होतं:

वटारची केळी, टोपलीत बसली,
एक घेतली बाळीनं, बाकीची रुसली.

माझा आवाज बरा होता. बरा कशाला, चांगला होता. शाळेत प्रार्थनेला मलाच पुढे उभं करायचे. 'रुसली'चा 'ली' मी उंच नेऊन तिथेच लांबवायचे, आणि तो संपायच्या आत पलीकडून हसू यायचं. ते हसू ऐकायला मिळावं म्हणून मी आठवडा काढायचे, यात काही अतिशयोक्ती नाही.

औषधं चालू राहिली आणि रक्तही चालू राहिलं. डॉक्टर विचारायचे, "गोळ्या नीट घेतात ना या?" यजमान म्हणायचे, "घेते हो." सासूबाईंना मात्र उलगडा झाला होता. "बघ, गॅलरीत झोपतेस तेव्हाच खोकतेस. छाती आधीच अशी, त्यात थंडी." म्हणजे महिन्याच्या महिन्याला हे होतं, त्याच चार दिवसांत होतं, हे आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलं होतं. पाहूनही गॅलरीवर बोट ठेवून आम्ही मोकळे झालो होतो. सासूबाईंनी चटईखाली आणखी एक गोधडी घातली.

मग गणपती आले. आमच्याकडे गौरी-गणपती वसईलाच बसायचे. घरातल्या सुनेची पाळी नेमकी सणात आली तर काय, म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्या सासूबाई दर वर्षी आधीच आणून ठेवायच्या. आमच्याच घरात नव्हे, साऱ्या इमारतीत हेच चालायचं. श्रावण सरत आला की मेडिकलवाला त्या गोळ्या पुढच्या खणात काढून ठेवायचा आणि न विचारता वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. त्या वर्षी मी आजारी, तरी गोळ्या चुकल्या नाहीत.

सणाला वन्सं मुलीला घेऊन आल्या. केस वाढले होते तिचे, दोन वेण्या घातल्या होत्या. ती वन्संच्या मागे उभी राहिली आणि त्यांच्या साडीआडून माझ्याकडे बघत राहिली. मी लांबूनच म्हटलं, "वटारची केळी..." तशी आडून एक डोळा बाहेर आला, मग दुसरा. गौरी जेवल्या त्या दिवशी ती माझ्या मांडीवर बसली. सासूबाईंनी पाहिलं, पण तिला उठवलं नाही.

त्या महिन्यात रक्त पडलं नाही. पाळीची तारीख टळून गेली, मी आत दिवाणावर झोपत होते, खोकला नाही, दुखणं नाही. सासूबाईंनी विसर्जनाच्या आधी गणपतीसमोर डोळे पुसले. "पावला हो." वन्संनी स्वतःहून मुलीची बॅग उघडली, तिचे फ्रॉक माझ्या कपाटात लावले. त्यांचा हात त्या फ्रॉकवरून निघत नव्हता, हे मी पाहिलं. पण तेव्हा दुसऱ्याच्या दुःखासाठी माझ्याजवळ जागा नव्हती.

सण आटोपला, गोळ्या संपल्या. मग पाळी आली. मी चटई घेऊन गॅलरीत गेले, आणि दुसऱ्या सकाळी रक्त. पूर्वीपेक्षा जास्तच. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

बॅग पुन्हा भरली. या खेपेला मुलगी रडली, आणि मी 'रडू नको' म्हणत होते तरी तिच्या रडण्यानं मला मनातून बरं वाटलं.

ती गेल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "आई, एक महिना मला आत झोपू द्या. त्या दिवसांत."

वाटलं होतं, आकांडतांडव होईल. त्या बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "गॅलरीनंच होत असेल तर तुझी पोर त्या गॅलरीपायी तिकडे राहिली म्हणायची." त्यांनी देव्हारा उचलून स्वयंपाकघरात नेला, त्यावर धूतवस्त्र घातलं, आणि पुढच्या पाळीला मला दिवाणावर झोपवलं. खिडक्या बंद, दोन पांघरुणं, पायात यजमानांचे मोजे. आयुष्यभर पाळलेलं त्यांनी माझ्यासाठी मोडलं, हे मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी विसरू शकत नाही.

रक्त आलंच. गरम दिवाणावर, बंद खिडक्यांत आलं.

थंडी नाही, गॅलरी नाही, फरशी नाही. गणपतीत पाळी नव्हती, तर रक्तही नव्हतं. आता पाळी आहे, तर रक्त आहे. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगो, म्हणजे हे तिथलंच की काय?" तोंडानं असं काही होऊ शकतं, हे कुणाला सांगितलं तर लोक मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील असं वाटलं.

मी टीचरना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर चला. तुमच्या यजमानांना कामावर जाऊ दे." त्या माझ्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत आल्या, पण बोलायचं मला लावलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. पाळी, गॅलरी, गोळ्या, दिवाण. डॉक्टर पेन फिरवायचे थांबले. म्हणाले, "असं असतं, हे मी शिकताना वाचलं होतं. पाहिलेलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" टीचर म्हणाल्या, "तुम्ही त्यांना विचारलंत कधी?"

त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरांनी उलटंच सांगितलं, पाळी असेल तेव्हाच या. जन्मभर त्या दिवसांत कुठे जायचं नाही हेच ऐकलेली मी, आणि हा माणूस त्याच दिवसांत बोलावत होता. पाळीत एकदा छातीचा स्कॅन काढला, पाळी होऊन गेल्यावर पुन्हा काढला. पहिल्यात उजव्या फुप्फुसात डाग होता, दुसऱ्यात तो जवळजवळ पुसला गेला होता. दुर्बीण घालूनही पाहिलं. शिकाऊ मुलामुलींचा घोळका माझ्याभोवती जमला. त्यांना ही नवलाई होती. डॉक्टरांनी मात्र खुर्ची ओढून मला समजावलं. गर्भाशयाच्या आतलं जे अस्तर दर महिन्याला वाढतं आणि गळतं, तसलंच अस्तर माझ्या फुप्फुसात कुठेतरी रुजलं होतं. तिकडे पाळी आली की इकडेही येणार. कुणाच्या बेंबीत होतं, कुणाच्या शिवलेल्या जखमेत होतं, माझ्या छातीत झालं. टीबी नव्हताच.

टीबी नव्हताच. माझ्या मुलीला माझ्यापासून काही होणार नव्हतं. मी त्या घोळक्यासमोर ढसाढसा रडले.

घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या विचारात पडल्या. "म्हणजे ते रक्तही विटाळाचंच म्हणायचं का?" मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. मग त्या मुद्द्यावर आल्या. "पोरीला आणू. पण आधी रक्त थांबू दे. तिनं एकदा पाहिलंय, पुन्हा नको." यजमानांनीही मान हलवली. मी भांडू शकले असते. पण गॅलरीच्या दारात उभी असलेली मुलगी माझ्याही डोळ्यांसमोर होती.

उपचार म्हणजे कॅप्सूल, पाळीच बंद पाडणाऱ्या. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, वजन वाढेल, ओठावर लव येईल. "आणि आवाज बदलतोय असं वाटलं तर लगेच या. औषध थांबवावं लागेल. एकदा बदललेला आवाज परत येईलच असं नाही."

पाळी थांबली, रक्त थांबलं. एक महिना गेला, दुसरा गेला, पदर कोरडा. आणि मग सकाळी गुणगुणताना गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं व्हायला लागलं. आधी वाटलं, सर्दी. मग 'रुसली'चा 'ली' वर जाईना. अर्ध्यावर फाटायचा आणि खाली यायचा.

मला कळलं होतं. न कळण्यासारखं काही नव्हतंच. डॉक्टरांकडे गेले की हळू बोलायचे, घसा बसलाय म्हणायचे. औषध थांबवलं असतं तर पाळी आली असती, पाळीबरोबर रक्त, आणि रक्ताबरोबर मुलीचं येणं आणखी लांबलं असतं. आवाज काय, नसला तर नसला. मला मुलगी हवी होती. आजही मला तो निर्णय चुकला असं वाटत नाही. दुःख वाटतं, ते वेगळं.

एका रविवारी फोनवर मुलीनं विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी आई."

मग फोनपासून लांब गेलेला तिचा आवाज, "आत्या, कोणीतरी काका आहेत."

त्यानंतर मी बूथवर बोलले नाही. यजमान बोलायचे, आई कामात आहे असं सांगायचे. मी बाजूला उभी राहून त्यांच्या कानाजवळच्या फोनमधून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायचे. म्हटलं, थोडेच दिवस. एकदा घरी आली, की समोरासमोर असल्यावर फोन हवाय कशाला.

पुढे औषध बदललं, रक्त मधून पुन्हा आलं, इंजेक्शनं झाली, आणि शेवटी पाळी कायमची गेली तशी ती भानगडही गेली. आवाज आला नाही. आजही फोनवर बँकेतली मुलगी मला "हां, बोला सर" म्हणते. मी दुरुस्त करत नाही.

मुलगी मात्र त्याच उन्हाळ्यात आली. वन्सं तिला पोचवून आठवडाभर राहिल्या, आणि निघताना रिक्षात बसून तोंडात पदर कोंबून रडल्या. या वेळी त्यांचं रडणं मला दिसलं. मी रिक्षाजवळ जाऊन त्यांचा हात धरला.

मुलगी फार शहाण्यासारखी वागायची. वाढलेलं जेवायची, मला आई म्हणायची, कारण आत्यानं तसं शिकवून पाठवलं होतं. खाली केळीवाली आली तेव्हा मी तिला कडेवर घेऊन गॅलरीत गेले आणि गाणं म्हटलं. 'रुसली' घोगरी निघाली. तिनं नीट ऐकून घेतलं. हसली नाही. एखादा पाहुणा आपल्या घरातली वस्तू वापरतो तेव्हा मुलं बघतात, तशी बघत राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी ती आपली आपण चपला घालून दारात उभी राहिली. "चल ना, फोन करायचा."

मला वाटलं, आत्याची आठवण आली असणार. तिला घेऊन बूथवर गेले, चिपळूणचा नंबर लावला, शेजाऱ्यांनी वन्संना हाक मारली. मी फोन तिच्या कानाला लावला. वन्सं पलीकडून लाडानं काहीबाही बोलत होत्या. ती थोडा वेळ ऐकत राहिली, वाट बघत राहिली, आणि मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "ही तर आत्याच आहे. मला फोनवरची आई हवीय. ती गाणं म्हणते ना, ती."

मी तिच्या शेजारीच उभी होते.